राजाचे वेतन : शांतिपर्वातील सत्ता आणि कर्तव्य

महाभारताच्या बाराव्या पर्वाचे नाव शांतिपर्व आहे, पण त्याची सुरुवात एका विजेत्याच्या अस्वस्थतेने होते. अठरा दिवसांचे युद्ध संपले आहे. गंगेच्या काठी मृतांना तिलांजली देऊन झाली आहे. ज्याला आपल्या भावाने मारले तो कर्ण आपलाच थोरला भाऊ होता, हे युधिष्ठिराला नुकतेच कळले आहे. ज्या राज्यासाठी हे सारे झाले ते आता हातात आहे आणि नेमक्या त्याच वेळी ते त्याला नकोसे झाले आहे. राज्य अर्जुनाने करावे, आपण वनात जातो, असे तो भावांना सांगतो.

सत्ता, कर्तव्य आणि समाजाची घडी यांविषयी प्राचीन भारतात झालेल्या चिंतनाचा फार मोठा भाग या एका नकारातून सुरू होतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीत शांतिपर्वाचे ३५३ अध्याय आहेत. पहिले १२८ राजधर्माचे, पुढचे १६७ पर्यंतचे आपद्धर्माचे, उरलेले मोक्षधर्माचे. पुण्यात १९१९ साली हाती घेतलेले ते काम १९६६ मध्ये पुरे झाले. त्यातले शांतिपर्व श्रीपाद कृष्ण बेलवलकरांनी संपादित केले. एवढ्या मोठ्या ग्रंथभागाचा श्रोता मुख्यतः एकच आहे आणि तो सत्तेला भ्यालेला आहे. राजनीतीचे बहुतेक ग्रंथ राज्य मिळवू किंवा वाढवू पाहणाऱ्यासाठी लिहिलेले असतात. शांतिपर्वातील उपदेश राज्य टाकू पाहणाऱ्याला केलेला आहे, आणि त्यामुळे त्यातल्या प्रत्येक मुद्द्याला एक वेगळे वजन येते.

युधिष्ठिराला समजावण्याची पहिली पाळी घरच्यांची. भीम वैतागतो: विहीर खणत खणत खाली जावे आणि पाणी लागण्याआधीच चिखलाने माखून वर यावे, तसे हे चालले आहे, असे त्याचे म्हणणे. द्रौपदीचे शब्द सर्वांत कठोर आहेत. भावांची डोकी ठिकाणावर असती तर त्यांनी तुम्हाला नास्तिकांबरोबर बांधून ठेवले असते आणि स्वतः राज्य केले असते, असे ती भर सभेत सुनावते. अर्जुनाचा युक्तिवाद विचारांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सगळे झोपलेले असताना दंड जागा असतो, असे तो सांगतो. दंड म्हणजे राजाच्या हातातली शिक्षेची सत्ता. तिच्या भयानेच माणसे मर्यादेत राहतात. मुंगूस उंदराला खाते, मांजर मुंगसाला, कुत्रा मांजराला. हिंसेशिवाय कोणाचाच देह चालत नाही, तपस्व्याचासुद्धा नाही. लोक ज्या देवांची पूजा करतात ते रुद्र, स्कंद, इंद्र हे सारे मारणारे देव आहेत, याचीही तो आठवण करून देतो.

अर्जुनाचे निरीक्षण खोटे नाही. पण त्यातून दंड लागतो एवढेच सिद्ध होते. तो कोणी, कोणत्या अधिकाराने आणि किती चालवावा हे ठरत नाही. त्या प्रश्नाच्या एका बाजूला व्यासांनी सांगितलेली शंख आणि लिखित या दोन भावांची गोष्ट स्पर्श करते. दोघे तपस्वी, बाहुदा नदीच्या काठी वेगवेगळ्या आश्रमांत राहणारे. शंख घरी नसताना लिखित त्याच्या आश्रमात गेला आणि तिथली पिकलेली फळे खाऊ लागला. परत आलेल्या शंखाने, न विचारता घेतलेस म्हणजे ही चोरी झाली, राजाकडे जाऊन शिक्षा माग, असे सांगितले. राजा सुद्युम्न क्षमा करायला तयार होता. लिखितच हटून बसला. राजाने त्याचे हात तोडले. मग शंखाने त्याला नदीत तर्पण करायला लावले आणि हात पुन्हा उगवले. तुझ्या तपाचे एवढे सामर्थ्य होते तर मला आधीच शुद्ध का केले नाहीस, असे लिखिताने विचारले. शंखाचे उत्तर एवढेच, की तुला शिक्षा करणारा मी नव्हे.

आजच्या वाचकाला हात तोडण्याचा तपशील अंगावर येतो आणि तसा तो यावाच. पण गोष्टीचा गाभा अधिकाराच्या विभागणीत आहे. शंख भाऊ आहे, ज्याची फळे गेली तो आहे, आणि तपाच्या बळावर तुटलेले हात परत आणू शकेल असा आहे. तरीही शिक्षा देण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही. दुसरीकडे, राजाला आपल्या मर्जीने क्षमा करावीशी वाटली तरी अपराध्यालाच ती पुरेशी वाटत नाही. दंड राजाच्या हातात असला तरी तो राजाच्या मालकीचा नसतो, हे सूत्र इथे कथेच्या रूपाने येते. पुढे भीष्म तेच शास्त्राच्या रूपाने मांडतात.

घरच्यांच्या आणि ऋषींच्या बोलण्याने युधिष्ठिर सिंहासनावर बसतो खरा, पण समाधान होत नाही. म्हणून कृष्ण त्याला शरशय्येवर पडलेल्या भीष्मांकडे नेतो. उत्तरायणाची वाट पाहत भीष्म त्या शय्येवर अठ्ठावन्न रात्री होते. तिथे युधिष्ठिराने विचारलेला एक प्रश्न राजकीय तत्त्वज्ञानाच्या इतिहासात ठळकपणे नोंदवण्यासारखा आहे. ‘राजा’ हा शब्द आला कुठून? त्याचे हात, बाहू, मान इतरांसारखीच. बुद्धी आणि इंद्रिये तशीच. सुखदुःख, जन्म आणि मरणही तसेच. मग हा एकटा माणूस शूर आणि शहाण्या अशा असंख्य माणसांवर सत्ता कशी चालवतो?

हे विचारणारा स्वतः राजा आहे, राजवंशात जन्मलेला आहे, धर्म या देवाचा पुत्र मानला गेलेला आहे. देवत्वाचा किंवा रक्ताचा आधार तो सहज घेऊ शकला असता. तो आधार बाजूला ठेवून तो सत्तेचे कारण विचारतो, यातच त्याची योग्यता दिसते.

भीष्मांचे उत्तर इतिहासाच्या रूपात येते. आरंभी राज्य नव्हते आणि राजा नव्हता, दंड नव्हता आणि दंड करणाराही नव्हता. लोक धर्मानेच एकमेकांचे रक्षण करीत. हळूहळू त्यांना थकवा आला, मग मोह, त्यापाठोपाठ लोभ, काम आणि राग. देव घाबरून ब्रह्मदेवाकडे गेले. त्याने एक लक्ष अध्यायांचे नीतिशास्त्र रचले. माणसाचे आयुष्य अपुरे पडते म्हणून शंकराने ते दहा हजारांवर आणले, इंद्राने पाच हजारांवर, बृहस्पतीने तीन हजारांवर आणि शुक्राचार्यांनी एक हजारावर. यातला क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. शास्त्र आधी निर्माण झाले आहे. राजा त्यानंतर शोधला जातो. कायदा राजाने केलेला नाही, राजाला कायद्यासाठी आणले आहे.

पहिले काही उमेदवार राज्याकडे पाठ फिरवून तपाला लागले. पुढे त्या वंशात वेन झाला. तो द्वेषाने आणि आसक्तीने वागू लागला, तेव्हा ऋषींनी मंत्राने भारलेल्या दर्भांनी त्याला ठार केले. त्याच्या उजव्या हाताच्या मंथनातून पृथू जन्मला आणि जन्मतःच हात जोडून, काय करू, असे विचारता झाला. देव आणि ऋषींनी त्याच्याकडून शपथ घेतली: दंडनीतीत जे सांगितले आहे ते निःशंकपणे करीन आणि कधीही स्वैर वागणार नाही. आपल्या आवडीनिवडी बाजूला ठेवून सर्वांना समान वागवण्याची अटही तिच्यात होती. त्याने प्रजेचे रंजन केले म्हणून त्याला राजा म्हटले गेले, अशी व्युत्पत्ती भीष्म देतात. भाषाशास्त्राला ती मान्य होणार नाही, पण अर्थ स्पष्ट आहे. एका राजाचा वध आणि दुसऱ्याची शपथ या दोन घटनांच्या मधोमध राजपदाचा जन्म झाला आहे.

दुसरी उत्पत्तिकथा थोड्याच अध्यायांनी येते. ती अधिक व्यवहारी आहे. राजा नसल्यामुळे लोक पाण्यातल्या माशांसारखे एकमेकांना गिळत होते. शास्त्रकार याला मात्स्यन्याय म्हणतात. लोकांनी आधी आपसात करार केला: शिवराळ, दांडगा, परस्त्रीला हात लावणारा, परधन हरण करणारा जो कोणी असेल त्याला वाळीत टाकायचे. पण करार पाळून घ्यायला कोणी नव्हते. म्हणून ते ब्रह्मदेवाकडे गेले आणि त्याने मनूला नेमले. मनूने मात्र नकार दिला. मला पापाची भीती वाटते, राज्य करणे फार कठीण आहे आणि नित्य खोटे वागणाऱ्या माणसांवर तर विशेषच, असे तो म्हणाला. लोकांनी त्याची समजूत घातली. पाप ज्याचे त्याला लागेल. आम्ही तुला पशूंचा आणि सोन्याचा पन्नासावा भाग देऊ, धान्याचा दहावा देऊ. तुझ्या रक्षणाखाली आम्ही जो धर्म करू त्याचा चौथा भाग तुझा.

मनू आणि युधिष्ठिर यांची भीती एकच आहे. शांतिपर्वाची रचना पाहिली तर पापाच्या भयाने मागे सरणे हा राजाचा दोष ठरत नाही. तीच त्याची पहिली पात्रता दिसते. मनूच्या कथेतला दुसरा मुद्दा त्याहून दूरगामी आहे. राजाला काय मिळणार हे ठरलेले आहे, त्याच्या बदल्यात त्याने काय द्यायचे हेही ठरलेले आहे. इतरत्र भीष्म धान्याचा सहावा भाग, जकात आणि अपराध्यांकडून घेतलेला दंड ही राजाची प्राप्ती सांगतात आणि तिला सरळ ‘वेतन’ हा शब्द वापरतात. वेतन म्हणजे पगार. रक्षण हे काम आणि कर ही त्याची मजुरी, इतका हा हिशोब रोखठोक आहे.

मजुरी घेऊन काम केले नाही तर काय, याचीही उत्तरे आहेत. चोरीला गेलेले धन राजाला परत मिळवता आले नाही तर त्याने ते आपल्या कोशातून भरून द्यावे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही हाच नियम आहे. रक्षण न करणारा राजा प्रजेच्या पापाचा चौथा भाग घेतो. समुद्रात फुटक्या नावेला सोडावे तसे ज्यांना सोडून द्यावे अशा सहा जणांची यादी भीष्म देतात. न शिकवणारा आचार्य, अध्ययन न केलेला ऋत्विज, अप्रिय बोलणारी बायको, गावात राहू पाहणारा गुराखी, रानात राहू पाहणारा न्हावी, आणि त्यांच्याच रांगेत रक्षण न करणारा राजा. न्हाव्याच्या आणि गुराख्याच्या ओळीत बसवलेला हा राजा देवाचा अवतार नाही; काम सोडून बसलेला कामकरी आहे. अनुशासनपर्वात तर भाषा याहून तीव्र होते. मी तुमचे रक्षण करीन असे सांगून जो रक्षण करीत नाही, त्याला प्रजेने एकत्र येऊन पिसाळलेल्या कुत्र्यासारखे मारावे, असे तिथे म्हटले आहे.

शांतिपर्वातच राजाला देव म्हणणारी वचनेही आहेत, हे सांगितले पाहिजे. कोसलराज वसुमना आणि बृहस्पती यांच्या संवादात राजा मनुष्यरूपातली मोठी देवता आहे, त्याला माणूस समजून कमी लेखू नये, असे येते. पण लगेच पुढे ते देवत्व कामावर टांगलेले दिसते. पाप्यांना जाळतो तेव्हा राजा अग्नी, हेरांच्या डोळ्यांनी सर्व पाहतो तेव्हा आदित्य, दुष्टांचा संहार करतो तेव्हा मृत्यू, शासन आणि अनुग्रह करतो तेव्हा यम, देतो आणि घेतो तेव्हा कुबेर. काम थांबले की रूप उरत नाही. पुढच्या काळातील राजदरबारांनी यातला देवत्वाचा भाग उचलला आणि वेतनाचा भाग बाजूला ठेवला.

कर कसा घ्यावा याविषयी भीष्मांनी दिलेले दाखले शेतातले आणि गोठ्यातले आहेत. भुंगा झाडाला इजा न करता मध घेतो, तसा घ्यावा. वासराचा वाटा राखून गाय दोहावी, सड ओरबाडू नयेत. जळू हळूच रक्त घेते; वाघीण पिल्लाला दातात धरते पण दुखवत नाही. यात कोमलपणा आहे, पण जळूचा दाखला वाचून थोडे थांबावे लागते. जळू ही अखेर रक्तच पिते. न दुखावता घ्यावे यामागे दया जितकी आहे तितकीच प्रजेच्या लक्षात येऊ नये ही चतुराईही आहे. शांतिपर्व या दोन्ही गोष्टी एका श्वासात सांगते. अर्थशास्त्र इथे अधिक निर्भीड वाटते. करार, मनू आणि सहावा भाग ही कथा कौटिल्यही देतो, पण ती तो हेरांच्या तोंडी घालतो. गर्दीच्या ठिकाणी दोघांनी मुद्दाम वाद घालायचा आणि एकाने ही कथा सांगून लोकांना राजनिष्ठ ठेवायचे, अशी ती योजना आहे. त्याच कौटिल्याने, निरपराध माणसाला दंड केल्यास राजाने त्या रकमेच्या तीसपट रक्कम वरुणाच्या नावे पाण्यात सोडावी आणि मग ती ब्राह्मणांना द्यावी, असा नियमही घातला आहे. सत्तेला स्वतःवर दंड आकारायला लावणारा हा नियम आहे. तो प्रत्यक्षात कितपत पाळला गेला हा प्रश्न निराळा.

हा विचार मराठी राज्यकारभाराच्या भाषेत कसा उतरला ते पाहायचे तर रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’कडे वळावे लागते. रामचंद्र नीळकंठ बावडेकर हे शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतले अमात्य. राजाराम महाराज जिंजीला गेले तेव्हा महाराष्ट्रातला कारभार ‘हुकुमतपन्हा’ या किताबासह त्यांच्याकडे होता. कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या नावे हा ग्रंथ १७१५-१६ च्या सुमारास सिद्ध झाला. त्याची भाषा शास्त्र्याची नाही. औरंगजेबाच्या स्वारीत राज्य बुडता बुडता वाचवलेल्या कारभाऱ्याची आहे. आरमारासाठी लाकूड लागते, पण रयतेची आंब्या-फणसाची झाडे तिच्या संमतीवाचून तोडू नयेत, कारण ती झाडे एक-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असे आज्ञापत्र बजावते. झाड जीर्ण झाले असेल तरच, मालकाला राजी करून, मोल देऊन न्यावे. भुंग्याचा आणि मधाचा दाखला इथे दाखला राहिलेला नाही. तो सरकारी हुकूम झाला आहे. वतनदारांविषयीचा भाग तितकाच कसदार आहे. देशमुख, देशपांडे, पाटील ही मंडळी म्हणजे लहानलहान राजेच, राज्याचे भाऊबंद. त्यांना बळ वाढू द्यायचे नाही आणि त्यांच्या वतनाला विनाकारण धक्काही लावायचा नाही. राजा आणि प्रजा यांच्यामध्ये हे मधले सत्ताधारी असतात आणि प्रजेला खरा जाच बहुधा त्यांचाच असतो, ही गोष्ट भीष्मांपेक्षा अमात्यांना जास्त स्पष्ट दिसली.

आता समाजाच्या घडीचा प्रश्न. दंड रक्षण करतो, पण कशाचे? भीष्मांचे नेहमीचे उत्तर वर्णाश्रमधर्माचे. प्रत्येक वर्णाने आपापले कर्म करावे, आणि कोणी सीमा ओलांडू नये यासाठी दंड. वर्णधर्म सांगताना ते आधी सर्वांना समान असे नऊ धर्म सांगतात. त्यांत अक्रोध, सत्य, वाटून खाणे, क्षमा, शुचिता, कोणाचा द्रोह न करणे, सरळपणा आणि आश्रितांचे पोषण हे येतात. पण लगेच पुढे शूद्राने इतरांची सेवा करावी आणि धनसंचय करू नये असे येते. वरच्या वर्णांनी वापरून टाकलेली छत्री, वस्त्र, पादत्राणे त्याला द्यावीत असेही येते. राजाच्या वेतनाचा इतका बारीक हिशोब ठेवणारा हा ग्रंथ शूद्राच्या श्रमाच्या वेतनाला वापरलेल्या वस्तूंवर भागवतो. राजाला करार आहे, शूद्राला नाही. शांतिपर्वाच्या राजकीय विचारातली ही सर्वांत मोठी उणीव आहे आणि काळाचा दाखला देऊन ती झाकता येत नाही, कारण तिच्याविरुद्धचा आवाज त्याच पर्वात आहे.

तो आवाज भरद्वाजाचा. मोक्षधर्मात भृगू त्याला चार वर्णांचे चार रंग सांगतो. भरद्वाज विचारतो, रंगावरून वर्ण ठरत असेल तर सगळ्याच वर्णांत रंगांची सरमिसळ दिसते. काम, क्रोध, भय, लोभ, शोक, चिंता, भूक आणि श्रम आपल्या सर्वांनाच लागतात. घाम, मल, मूत्र, रक्त सर्वांच्याच देहातून वाहते. मग वर्ण वेगळा कशाने? भृगूला मान्य करावे लागते की वर्णांमध्ये भेद नाही, सारे जग ब्राह्मच होते, कर्मांमुळे वर्ण झाले. भरद्वाजाचा प्रश्न आणि युधिष्ठिराचा प्रश्न शेजारी ठेवून पाहावेत. हात, बाहू, मान सारखी असताना एक राजा कसा, असे एक विचारतो. घाम आणि रक्त सारखे असताना एक शूद्र कसा, असे दुसरा विचारतो. पहिल्या प्रश्नातून राजधर्माचे शास्त्र निघाले. दुसऱ्यातून समाजाची नवी रचना निघाली नाही. तो मोक्षाच्या प्रकरणात राहून गेला.

१९४६ साली या विषयावर दोन मोठे ग्रंथ प्रसिद्ध झाले, दोन्ही मराठी माणसांचे, दोन्ही इंग्रजीत. एक पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा तिसरा खंड, ज्यात राजधर्माची संपूर्ण मांडणी आहे. दुसरा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा, शूद्र मूळचे कोण होते याचा शोध घेणारा, महात्मा फुले यांना अर्पण केलेला. आंबेडकरांच्या युक्तिवादाचा एक महत्त्वाचा आधार शांतिपर्वाच्या, वर आलेला वर्णधर्म सांगणाऱ्या, साठाव्या अध्यायातच आहे. तिथे पैजवन नावाच्या शूद्राने यज्ञ करून भरघोस दक्षिणा दिल्याचा उल्लेख येतो. ज्या अध्यायाने शूद्राला धन नाकारले, त्याच अध्यायात धनवान यज्ञकर्ता शूद्र उभा आहे, हे त्यांनी नेमके हेरले आणि शूद्र हे एकेकाळी क्षत्रियच होते असे मत मांडले. इतिहास म्हणून ते मत सर्वांनी स्वीकारले नाही. पण परंपरेचे वाचन कसे करावे याचा तो धडा आहे: ग्रंथातला आदेश वाचावा आणि त्या आदेशाला न जुमानणारी ग्रंथातलीच साक्षही वाचावी.

राजधर्म संपल्यावर आपद्धर्म येतो आणि उपदेशाचा सूर पालटतो. राज्यावर संकट आले, कोश रिकामा झाला, शत्रू दाराशी आला, तर काय करावे? मांजराशी तात्पुरती मैत्री करून जाळ्यातून आणि शत्रूंतून सुटणारा पलित उंदीर, राजवाडा सोडून जाणारी पूजनी पक्षीण अशा गोष्टींतून भीष्म सावधपणा शिकवतात. या भागाच्या शिखरावर विश्वामित्राची कथा आहे. बारा वर्षांचा दुष्काळ, ओसाड गावे, भुकेने व्याकूळ ऋषी रात्री एका चांडाळाच्या झोपडीत कुत्र्याची तंगडी चोरायला शिरतो. चांडाळ जागा होतो आणि धर्म सांगतो तो चांडाळच. हे तुम्हाला शोभत नाही, तुम्ही असे केलेत तर धर्माचा संकर होईल, म्हणून तो ऋषीला परोपरीने अडवतो. जगलो तर धर्म करता येईल, असे म्हणत विश्वामित्र मांस घेऊन जातो. शेवटी इंद्र पाऊस पाडतो.

ही कथा ऐकून युधिष्ठिर हादरतो. असे घोर कर्मही विहित असेल, तर चोरांनाही असते तशी एखादी मर्यादा माझ्यासाठी आहे की नाही, असे तो विचारतो. हा प्रश्न हवेतला नाही. थोडेच आधी भीष्मांनी कायव्य नावाच्या दरोडेखोराची गोष्ट सांगितलेली आहे. त्याने आपल्या टोळीला नियम घातले होते: स्त्रीला, भ्यालेल्याला, बालकाला, तपस्व्याला मारायचे नाही, जो लढत नाही त्याच्यावर शस्त्र उचलायचे नाही. दरोडेखोराला मर्यादा, आणि राजाला नाही? भीष्म उत्तर देतात की धर्म एका फांदीवर चालत नाही, अनेक ठिकाणांहून मिळवलेल्या शहाणपणाने तो समजून घ्यावा लागतो. उत्तर सुज्ञ आहे, पण प्रश्नाला पुरे पडत नाही. संकट आहे की नाही हे ठरवणारा राजाच असेल, तर आपद्धर्माचे दार त्याला केव्हाही उघडता येते. हे दार बंद कसे करायचे ते शांतिपर्व सांगत नाही. आणीबाणीचे अधिकार असलेल्या प्रत्येक राज्यव्यवस्थेपुढे हाच प्रश्न आजही उभा आहे.

दंडाची शेवटची मोठी चर्चा राजधर्मात नाही, मोक्षधर्मात आहे. कोणालाही न मारता राजाने रक्षण कसे करावे, असे युधिष्ठिर विचारतो. म्हणजे पहिल्या दिवशीचे त्याचे दुखणे अजून तिथेच आहे. भीष्म द्युमत्सेन राजा आणि त्याचा पुत्र सत्यवान यांचा संवाद सांगतात. वधासाठी माणसे नेली जात असताना सत्यवान बापाला अडवतो. दरोडेखोराला मारले की त्याची बायको, आई, बाप, मुले हे निरपराध जीवही मारले जातात. दुष्ट माणूस कधीतरी साधूकडून शील शिकतो. दुष्टाच्या पोटी चांगली संतती येते. म्हणून मूळ उपटू नये. धाक घालावा, बांधून ठेवावे, आणि पुन्हा असे करणार नाही अशी पुरोहितासमोर शपथ घेतली तर सोडून द्यावे. द्युमत्सेन म्हणतो, पूर्वी नुसत्या धिक्काराने भागत असे, मग कडक शब्द लागू लागले, मग धनदंड, आता वधाशिवाय काही माणसे आवरत नाहीत. सत्यवान मागे हटत नाही: राजाने आधी स्वतःला आवरावे, मग जवळच्यांना, मग इतरांना.

एवढा उपदेश झाल्यावर शांतिपर्व संपते आणि अनुशासनपर्व सुरू होते. त्याच्या पहिल्याच श्लोकात युधिष्ठिर भीष्मांना सांगतो, की आजोबा, तुम्ही शांतीचे अनेक सूक्ष्म प्रकार सांगितलेत, पण जे मी केले ते केल्यावर माझ्या मनाला शांती नाही.